घंटी कुठल्या हाताशी?

(साताऱ्यातील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



ज्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला आहे त्या ताईंच्या घरातल्या, आजी-आजोबांचं सगळं करणाऱ्या मावश्यांपैकी निम्म्याच समोर दिसतायत. बाकीच्या तिकडे ड्युटीवर आहेत, म्हणून आपण इथं निवांत बसू शकलो. हे भाषण छापून येणार आहे असं मला सांगितलंय. ते त्यांच्या हातात पडेल असं धरूनच मी बोलते.

12 वर्षांपूर्वीची गोष्ट. नोकरीतून निवृत्त झाले होते. एका ट्रस्टने सांगितलं म्हणून आपल्या सातारा-सांगलीतली म्हाताऱ्या माणसांची लहान निवासगृहं बघत फिरत होते. अशाच एका 20 खाटांच्या घरात गेले. माझ्या हातात छापील यादी होती. 32 प्रश्न, प्रत्येकापुढे 'होय' आणि 'नाही' असे दोन चौकोन. 11 वा प्रश्न असा होता: मदतीला हाक मारण्यासाठी प्रत्येक खाटेजवळ घंटी आहे का? होती. देवघरात असते तशी लहान पितळी घंटी, नाडा ओवून खाटेच्या गजाला बांधलेली. मला फार बरं वाटलं. महागडं यंत्र आणायला पैसे नाहीत, तर कुणीतरी डोकं लढवलंय, असं मनात आलं आणि मी 'होय'वर खूण केली.

निघताना शेवटच्या खाटेवरच्या आजींना वाकून नमस्कार केला. त्यांनी डावा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. आशीर्वादाला आपल्याकडे डावा हात कुणी उचलत नाही. मी बघितलं, तर उजवा हात पांघरुणावर पडून होता. अर्धांगाचा झटका येऊन उजवी बाजू गेलेली. आणि घंटी उजव्या गजाला बांधलेली.

माझ्या कागदावर त्या घंटीचं उत्तर 'होय' होतं. आजींसाठी ती घंटी त्या खोलीत नव्हतीच.

मी नाडा सोडला, घंटी डावीकडे बांधली आणि घरी आले. पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. उरलेल्या 31 उत्तरांत असे लुळ्या हाताचे 'होय' किती असतील? दुसऱ्या दिवशी परत गेले आणि तिथल्या व्यवस्थापकांची परवानगी काढून एकेका खाटेवर आडवी झाले. माणसं दुपारी व्हरांड्यात बसायला जायची, तेव्हा त्यांच्या जागेवर मी. एका खाटेवरून ट्यूबलाइट थेट डोळ्यांत येत होती. एका खाटेवरून घड्याळ दिसायचं, पण ते बंद होतं. एकीकडे पाण्याचा तांब्या उशापासून हातभर लांब, खिडकीच्या कट्ट्यावर. एका खाटेवरून काय दिसतं, तर समोरच्या खाटेवरच्या माणसाचं डायपर बदलताना. पडदा नव्हता. यादीत पडद्याचा प्रश्नही नव्हता.

नर्सिंगमध्ये माझी पस्तीस वर्षं गेली. तोवर पेशंटच्या खाटेवर मी एकदाही झोपले नव्हते. आज जे सांगणार आहे ते सगळं त्या दुपारी सुरू झालं. लहान निवासगृहाचा दर्जा उभ्या माणसाला दिसत नाही. त्याची तपासणी त्या घरातल्या सगळ्यात दुबळ्या माणसाच्या जागेवरून, आणि त्याला सगळ्यात जड जाणाऱ्या वेळी, म्हणजे रात्री, करायला हवी.

हा प्रश्न आपल्याच भागात इतका का दाटलाय, ते आपल्या घरांकडे बघितलं की कळतं. जावळी-पाटणची पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं मुंबईला माथाडीत गेली. माथाडींना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच. तिकडे खानापूर, आटपाडी, विट्याची माणसं गलाईच्या धंद्याला. सोनं-चांदी गाळणारी ही मंडळी तमिळनाडूपासून बंगालपर्यंत दुकानं थाटून बसली. पैसा गावाकडे आला, बंगले उठले. त्या बंगल्यांत राहिले ते आई-वडील. जिना चढवत नाही म्हणून खालच्या एका खोलीत. लेक कोइमतूरला असो नाहीतर कळंबोलीला, आईचं खुब्याचं हाड मोडलं की चार दिवस सुटी काढून येतो. पाचव्या दिवसापासून कोण बघणार? सून नोकरीला, बहीण तिच्या घरात गुंतलेली, आणि गावात बाई मिळत नाही. मग कुणीतरी सांगतं, वाईकडे एक चांगलं घर आहे, मिरजेच्या बाजूला एक आहे.

आणि मग गाव म्हणतं, 'आईला वृद्धाश्रमात टाकलं.'

या क्रियापदाने आपलं फार नुकसान केलंय. 'टाकलं' म्हटलं की ठेवणारा गुन्हेगार ठरतो, आणि गुन्हेगाराला चौकशी करायला तोंड राहत नाही. मुलगा महिन्याला पैसे भरतो, फाटकाशी मान खाली घालून येतो, आईच्या पाठीवरची चादर वर करून बघायचं धाडस त्याला होत नाही. बघितलं आणि जखम दिसली तर तो काय म्हणणार? आईला न्यायला त्याच्याकडे दुसरी जागा नाही. मी किती मुलांना बघितलंय, जखम दिसूनही गप्प बसलेली. ती निर्दय नव्हती. दुसरं दार बंद होतं म्हणून गप्प होती.

कायदा काय म्हणतो? खाणावळ काढायची तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. अनाथ मुलांचं बालगृह चालवायचं तर 2015 च्या बाल न्याय कायद्याखाली नोंदणी सक्तीची, आणि त्याच्या नियमांत दर 7 मुलांमागे एक शौचालय, 10 मुलांमागे एक स्नानगृह, इतकं बारीक लिहिलंय. अपंग व्यक्तींच्या संस्थेला 2016 च्या कायद्याने नोंदणी लागते. मनोरुग्णांच्या निवासगृहाला 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने. आणि अंथरुणाला खिळलेल्या 20 म्हाताऱ्या माणसांचं घर? भाड्याचा बंगला घ्या, धर्मादाय कार्यालयात ट्रस्ट नोंदवा, फलक लावा. तिथं दरसाल हिशेब तपासला जातो. पाठ तपासली जात नाही.

आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा 2007 चा कायदा आहे, हे खरं. त्याच्या 19 व्या कलमात जिल्ह्यामागे निदान एक वृद्धाश्रम, निराधार अशा किमान 150 जणांसाठी, असं म्हटलंय. केंद्राने राज्यांसाठी जी नमुना नियमावली केली, तिच्यात झोपायच्या खोलीत माणशी साडेसात चौरस मीटर जागा, स्वयंपाकघर-जेवणघर धरून माणशी 12 चौरस मीटर, उतार, कठडे, आजारी माणसांची वेगळी खोली, अशी मापं दिलीत. चांगली मापं आहेत. पण ती सरकारी वृद्धाश्रमापुरती. आपल्याकडची कितीतरी म्हातारी माणसं 12, 15, 20 जणांच्या खाजगी घरांत आहेत. अशा घरांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत आलं, संसदीय समितीकडे गेलं, 2021 मध्ये समितीचा अहवालही आला. 2024 मध्ये ती लोकसभा संपली आणि तिच्याबरोबर विधेयकही संपलं.

नोंदणी झाली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असं समजायचंही कारण नाही. ठाणे जिल्ह्यातलं कवडास आठवतं का? 2010 मध्ये तिथल्या मतिमंद मुलांच्या निवासगृहात मुलं उपासमारीने दगावल्याच्या बातम्या आल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. अशा संस्थेला नोंदणीची अट 1995 च्या अपंग कायद्यातही होती. मुलं भुकेलेली आहेत हे नोंदणीच्या कागदाला कळलं नाही. त्याआधी 6 ऑगस्ट 2001 ची तमिळनाडूतल्या एरवाडीची आग. मनोरुग्ण साखळदंडाने बांधलेले होते, त्यामुळे पळता आलं नाही. 28 माणसं गेली. साखळीने बांधायला आता 2017 च्या कायद्याने स्पष्ट मनाई आहे. पण साखळीऐवजी मऊ ओढणी असली, तर? 'आजी रात्री उठून पडतात म्हणून जरा बांधून ठेवतो,' हे वाक्य मी आपल्या दोन्ही जिल्ह्यांत ऐकलंय. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत काळजी असते. ओढणी खरंच मऊ असते. आणि आग लागली तर तीही सुटत नाही.

आता एक अवघड गोष्ट बोलते. साताऱ्यात बोलते, म्हणून जपून.

आपल्या या गावात 1924 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी बोर्डिंग काढलं. सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. घरात धान्य नाही, पोरं उपाशी राहतील, म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. 1930 मध्ये त्या गेल्या. साताऱ्यातल्या कुठल्याही मुलाला ही गोष्ट ठाऊक असते, मीही तिच्यावरच वाढले. कुणी परक्याच्या लेकराला घरात घेतो म्हटलं की आपल्याला लक्ष्मीबाई आठवतात आणि आपले हात जोडले जातात. जोडलेच पाहिजेत.

पण जोडलेल्या हातांनी चादर वर करता येत नाही. आपण त्यागालाच दर्जा समजायला लागलो. जो माणूस स्वतःची जमीन विकून म्हाताऱ्यांचं घर चालवतो, त्याला 'तुमच्याकडे रात्री किती जण जागे असतात?' असं विचारायची आपल्याला लाज वाटते. तोही दुखावतो. 'मी यांना आई-बापासारखं बघतो' म्हणतो, आणि ते खोटं नसतं. मला एवढंच म्हणायचंय की मंगळसूत्र पोरांच्या ताटात भाकरी पडावी म्हणून गेलं. भाकरी पडली का, हे बघणं म्हणजे त्या त्यागाचा अपमान नव्हे. ताईंना हे पक्कं कळत होतं. त्यांच्या घरी कुणी पाहुणा आला आणि 'वा, किती प्रेमाने करता' म्हणाला, की त्या म्हणायच्या, 'ते राहू दे, आधी मोरीची फरशी बघून ये, ओली आहे का.'

आता रात्रीकडे येते.

दुसरं एक घर. हे कुठलं तेही सांगत नाही. रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी आम्ही न कळवता गेलो. भिंतीवर कूस बदलण्याचा तक्ता टांगलेला. रात्री 10 ला उजवी कूस, 12 ला डावी, 2 ला पाठ, 4 ला उजवी, सकाळी 6 ला डावी. पाचही रकान्यांत सही होती. एकाच पेनची, एकाच दमात केलेली. पहाटे 4 ची सही रात्री 11 वाजता वाळलेली होती.

माझ्याबरोबरचे गृहस्थ तापले. मावशी रडायला लागली. मी तिला बाहेर पायरीवर नेलं, पाणी दिलं, आणि विचारलं. त्या घरात 17 माणसं. रात्री ती एकटी. सकाळी व्यवस्थापक तक्ता बघतात, रकाना रिकामा दिसला तर पगारातून पैसे कापतात. 'बाई, रात्री लिहायला बसले तर माणसं राहतात. म्हणून आधीच लिहून टाकते आन्‌ मग रात्रभर जमंल तेवढं करते.' ती आळशी नव्हती. तिच्या हाताला फिनेलचा वास येत होता, सगळ्यांची पांघरुणं नीट होती, एका आजोबांच्या पायाखाली तिने स्वतःच्या शालीचं गुंडाळं ठेवलं होतं, टाच गादीला घासू नये म्हणून. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या पायरीवर बसून आम्ही हिशेब केला. 17 पैकी 6 जण पूर्ण अंथरुणावर. माणसाला कुशीवर वळवायचं, खालची चादर ओली असेल तर बदलायची, पाठ पुसायची, उशी लावायची, यात 10 मिनिटं जातात. 6 जणांची 60 मिनिटं. हे दर 2 तासांनी. म्हणजे रात्रीतला निम्मा वेळ नुसती कूस बदलण्यात. शिवाय जड माणूस एकटीने ओढला की त्याची कातडी चादरीवर घासते आणि हिची कंबर जाते. ते काम दोघांचं. उरलेल्या निम्म्या वेळात बाकीचे 11. त्यातल्या एका आजींना स्मृतिभ्रंश, रात्री उठून 'गाडी चुकंल' म्हणत फाटकाकडे जाणाऱ्या. एका आजोबांना चार वेळा लघवीला. एकांना रात्री साखर कमी होऊन घाम सुटायचा. हा हिशेब मांडल्यावर तक्ता खोटा का भरला जातो, हे विचारायची गरज उरली नाही. खोटं तक्त्यावर नव्हतं, ड्युटी लावण्यात होतं.

मी मिरजेत शिकले. डॉक्टर वॉनलेस यांनी 1894 मध्ये जिथं मिशन हॉस्पिटल उभं केलं, त्या मिरजेत. आमच्या काळच्या शिक्षिका दर दोन तासांचा हा नियम पाठ करून घ्यायच्या, आणि कारणही सांगायच्या. माणूस एकाच जागी पडून राहिला की माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर सगळा भार येतो, तिथलं रक्त थांबतं, कातडी आतून मरायला लागते. वर जखम दिसते तेव्हा आत खड्डा झालेला असतो. पुस्तकात लिहिलेलं असायचं, लालसर डाग बघा. माझ्या पहिल्याच पेशंटच्या पाठीवर मी लाल शोधत राहिले आणि जखम फुटली. आपल्या सावळ्या कातडीवर लाल दिसत नाही. जागा काळपट होते, आजूबाजूपेक्षा गरम लागते, कधी टणक, कधी पिचपिचीत. ते बघायला डोळे पुरत नाहीत, हाताची उलटी बाजू फिरवावी लागते. माझी मावश्यांना विनंती आहे, आंघोळ घालताना पाठीवरून हात फिरवता तेव्हा एकदा उलटा हात फिरवा. एवढ्याने कितीतरी जखमा सुरू होण्याआधी थांबतात.

आंघोळीवरून आठवलं. मधुमेहाच्या माणसाच्या पावलांना कित्येकदा संवेदना नसते. कढत पाणी ओतलं तरी तो ओरडत नाही, आणि फोड दुसऱ्या दिवशी येतात. म्हणून पाणी आपल्या कोपराने बघायचं, त्याला विचारून नाही. आणि आंघोळ पहाटे साडेचारला का? कित्येक घरांत माणसांना चारला उठवतात, कारण रात्रपाळीने आंघोळी उरकून जायचं असतं. थंडीच्या दिवसांत, महाबळेश्वरचा वारा खाली उतरत असताना, ऐंशी वर्षांच्या माणसाला चार वाजता ओल्या फरशीवर उभं करायचं! पडणं तिथंच घडतं. ती वेळ माणसाच्या सोयीची असती तर निम्मी पडझड टळली असती.

पडण्याची एक वही असावी. ताईंच्या घरात होती, दोनशे पानी. कोण पडलं, किती वाजता, कुठं, पायात काय होतं, दिवा होता का. वर्षाने ती वही त्यांनी चाळली तर बरीच पडणी एकाच उंबऱ्यावर. मोरीचा दीड इंची उंबरा. गवंडी बोलावून तो फोडला. मी अनेक ठिकाणी विचारते, 'तुमच्याकडे कुणी पडतं का?' आणि अभिमानाने उत्तर येतं, 'कुणीच नाही.' जिथं म्हातारी माणसं चालतात तिथं ती पडणारच. वहीत एकही पडणं नसेल तर मला दोनच शक्यता दिसतात: लिहीत नाहीत, किंवा चालू देत नाहीत. दुसरी पहिलीपेक्षा वाईट.

नदीकाठच्या घरांबद्दल बोलायलाच हवं. सांगलीत आयर्विन पुलापाशी 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका, हे लहान पोरही सांगतं. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. 8 ऑगस्टला ब्रह्मनाळला पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर. पोहता येणारी, चालती-बोलती माणसं त्या पाण्यात सापडली. मग जो खाटेवरून उठत नाही त्याचं काय? त्याला उचलायला चार माणसं लागतात. त्याची हवेची गादी विजेवर चालते, आणि पुरात वीज आधी जाते. त्याच्या नाकातल्या नळीतून पातळ अन्न द्यावं लागतं, ते कुठल्या छावणीत मिळणार? म्हणून अशा घराने आपला आकडा आधी ठरवावा. चालत्या माणसाला 45 चालेल, खिळलेल्या माणसाला नाही. पुलाला किती फूट झालं की आपण हलायचं, कुठं जायचं, गाडी कुणाची, प्रत्येकाच्या गोळ्यांची पिशवी कुठल्या खिळ्याला. आणि पावसाळ्याआधी एकदा, कोरड्यात, चादरीची झोळी करून एका माणसाला खरोखर फाटकापर्यंत नेऊन बघायचं. दार अरुंद आहे हे तेव्हाच कळतं.

सुरक्षिततेच्या नावाखाली माणसाचं काय काय काढून घेतलं जातं, याबद्दल एकच सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं 20 वं कलम मला फार मोठं वाटतं. त्यात स्वच्छ जागा, पोटभर अन्न, खाजगीपणा हे आहेच. शिवाय असंही आहे की कुणाचं सक्तीने मुंडन करायचं नाही, आणि माणसाला स्वतःचे कपडे घालायचे असतील तर घालू द्यायचे. कायदा लिहिणाऱ्याने कुठंतरी ते डोळ्यांनी बघितलं असणार. आपल्या वृद्धाश्रमांना ते कलम थेट लागू नाही, पण मुंडन तिथं होतं. उवा झाल्या, विंचरायला माणूस नाही, म्हणून केस कापले. सत्तर वर्षं अंबाडा घातलेल्या बाईचे. एका आजींनी मला विचारलं होतं, 'माझे केस कुठं ठेवले गं?' खोलीत आरसा नव्हता. त्या हाताने चाचपून बघत होत्या.

मग हे सगळं बघणार कोण? इंग्लंडमध्ये 2009 मध्ये स्थापन झालेला एक सरकारी आयोग प्रत्येक निवासगृह तपासतो, सुरक्षित आहे का, उपयोगी आहे का, मायेचं आहे का, माणसाच्या गरजेप्रमाणे वागतं का, नीट चालवलं जातं का, असे पाच प्रश्न विचारतो आणि अहवाल सगळ्यांना वाचायला खुला ठेवतो. तिथंही घरं बिघडतात. पण तिथल्या मुलीला आईला ठेवण्याआधी तो अहवाल वाचता येतो. आपल्याकडे सरकार ते करील तेव्हा करील. तोवर आपल्या दोन जिल्ह्यांतल्या घरांनी एकमेकांना तपासायला काय हरकत आहे? कऱ्हाडच्या घरातली एक मावशी, वाईच्या एखाद्या आजोबांचा मुलगा आणि एक निवृत्त परिचारिका, असे तिघं मिळून मिरजेच्या घरात न कळवता रात्री जातील, आणि मिरजेची माणसं कऱ्हाडला येतील. जे दिसलं ते एका पानावर, मराठीत, फाटकावर लावायचं. मावशीला त्यात घ्या असं मी आग्रहाने सांगते. सही वाळलेली आहे हे तिला माझ्याआधी कळतं. आणि ज्येष्ठांसाठीची 14567 ही मदतवाहिनी आहे, तिचा नंबर प्रत्येक खाटेवरून दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत हवा, कार्यालयातल्या फलकावर नाही.

त्या दुसऱ्या घराचं पुढं काय झालं ते सांगायचं राहिलं. विश्वस्तांनी आधी ऐकलं नाही, मग ऐकलं. रात्री दुसरी बाई ठेवली. त्यासाठी दर महिन्याचे पैसे वाढवावे लागले आणि दोन कुटुंबांनी आपली माणसं नेली, हेही खरं आहे. ती माणसं कुठं गेली, याचा सल मला आहे. तक्त्यात 'जमलं नाही' असा एक रकाना वाढवला, आणि त्यावर खूण केली तर पैसे कापायचे नाहीत असं ठरलं. पहिल्या महिन्यात तो रकाना भरून गेला. कुणाला कधी हात पुरला नाही हे त्या घराला पहिल्यांदाच कळलं.

आणि घंटीच्या आजी. घंटी डावीकडे बांधल्यावर पंधरा दिवसांनी मी गेले, तर मावशी जरा वैतागलेली. म्हणाली, 'तुम्ही बांधून गेलात, आन्‌ आजी रात्रभर वाजवतात. काम काहीच नसतं. गेलं की नुसतं बघतात.' मी तिला म्हटलं, वाजली की वहीत लिहीत जा. तिने लिहिलं. ती वही मी नंतर बघितली. पहिल्या रात्रीची नोंद अशी होती: '11 वेळा. काम नव्हतं. गेले.' आठवड्याने 6 वेळा. महिन्याने एका रात्री, 2 वाजून 10 मिनिटांनी, एकच वेळ. 'छातीत दुखतं म्हणाल्या. डॉक्टरांना फोन केला.'